‘डायचे नाव’ या रकान्यात काय लिहायचं? (माझा अनुभव)

नाशकातल्या शिंप्यांकडची कातरणं गोळा करून मी हातमागावर सतरंज्या विणून घेते. जमवणं, विणणं सुरळीत झालं. अडलं ते रंगापाशी. दुकानदार म्हणाले, "ताई, रंग पक्का असल्याचा रिपोर्ट आणा, मग माल ठेवतो."

प्रयोगशाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता: डायचे नाव व शेड नंबर, म्हणजे कापड कोणत्या रंगद्रव्यानं रंगवलंय आणि त्या छटेचा क्रमांक. माझ्या एका सतरंजीत 40 ब्लाउजांचे तुकडे! कुणाला कुठे कोणता रंग चढला, मी कुठून सांगू? रकाना कोरा ठेवला, फॉर्म परत. ‘मिश्र’ लिहिलं, तरी परत. तिसऱ्या खेपेला खिडकीवरचे साहेब म्हणाले, "मग सगळा रंग उतरवा आणि एकाच रंगात रंगवून आणा."

मी रडायचीच बाकी राहिले. कारण ते मी घरी करून पाहिलं होतं. कॉस्टिक (सोडा) आणि हायड्रो ही रंग उतरवायची रसायनं घालून पातेलंभर तुकडे उकळले. सुती कापड पिवळट पडलं, शिवणीचा पॉलिस्टर दोरा मात्र लालच्या लाल. सुती कापडाला वापरतात तो रिअॅक्टिव्ह रंग धाग्याशी रासायनिक बंधानं जोडलेला असतो, पॉलिस्टरचा तर धाग्याच्या आतच शिरलेला. आणि ते उग्र वासाचं पाणी मोरीत ओतलं तर जाणार कुठे, गोदावरीतच ना? एकदा पाणी, मीठ, वाफ खर्चून चढवलेला रंग उतरवायचा आणि पुन्हा तोच खर्च करायचा, याला पुनर्वापर कसं म्हणायचं? पानिपतला जुने कपडे रंगानुसार निवडून त्यांचं सूत काढतात, ते पुन्हा रंगवणं वाचावं म्हणूनच.

हे सगळं कागदावर लिहिलं, एकेका रंगाचे तुकडे त्याला टाचले आणि चौथ्यांदा गेले. आतल्या तंत्रज्ञ बाईंनी दोन मिनिटांत रकान्यात लिहिलं, ‘डाय अज्ञात, पुन्हा रंगवलेले नाही’. एवढ्यासाठी माझे पाच आठवडे गेले! तुम्ही थेट तंत्रज्ञांनाच भेटा.

रिपोर्टमध्ये 5 म्हणजे उत्तम. निळ्या-हिरव्याला 4 मिळाले, लालला ओल्या कापडानं घासल्यावर 2. हे घरीही कळतं: ओला पांढरा रुमाल तुकड्यावर दहा वेळा घासा आणि रुमालाला रंग लागतो का बघा. आणि हो, निवडतानाच एक धागा जाळून बघा. सुताची राख होते, पॉलिस्टरची कडक गुठळी.

लाल तुकडे आता वेगळ्या गोणीत टाकते. ते लोड भरायला जातात.