आमची वाटचाल : आधी बोल्ट, मग रॅचेट

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरच्या एका बोळात आमचं हत्यारांचं दुकान आहे. हत्यारं म्हणजे पाने, गोट्या (बोल्टच्या डोक्यावर बसणाऱ्या टोप्या, म्हणजे सॉकेट), रॅचेट (गोटी लावून एका दिशेनं बोल्ट फिरवणारा आणि परत येताना मोकळा फिरणारा दांडा), पुलर, कानशी, व्हर्निअर. हे मुद्दाम सांगायचं कारण, इंटरनेटवर दुकानाची नोंद केली तेव्हा आलेला पहिला फोन तलवारीसाठी होता.

दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला काढलं. त्याआधी ते इथंच लेथवर होते. ऑईल इंजिनाचे पार्ट, पंपाची कास्टिंगं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून येणारं मशिनिंगचं काम हा उद्यमनगरचा रोजचा धंदा. टर्नर-फिटरला कोणत्या वेळी काय लागतं ते अण्णांना पाठ होतं. नाशिकच्या टपारिया कंपनीचा माल, जालंधर-लुधियानाहून येणारे रिंग पाने आणि उधारीची एक जाड वही, एवढ्यावर दुकान उभं राहिलं. आमचा हंगाम दिवाळीला नसायचा. तो गळिताच्या तोंडावर असायचा, साखर कारखान्यांचे ट्रॅक्टर आणि ट्रक दुरुस्तीला निघत तेव्हा.

त्या काळची रॅचेट म्हणजे अर्धा इंची चौकाची (चौक म्हणजे गोटी जिच्यावर बसते ती चौकोनी खुंटी), पत्र्याच्या पेटीत गोटी सेटबरोबर येणारी, जाड दात्यांची आणि सरळ दांड्याची. ट्रकच्या इंजिनाशेजारी माणूस वाकून आत शिरेल एवढी जागा असायची. दांडा किती फिरतो याची फिकीर कुणाला नव्हती. तक्रार एकच यायची, "अण्णा, रॅचेट मोडली." कारणही बहुतेक वेळा एकच निघायचं, दांड्यावर चढवलेला पाईप. रॅचेटमध्ये सगळा जोर पॉलच्या, म्हणजे आतलं दातेरी चक्र एका दिशेनं अडवणाऱ्या छोट्या तुकड्याच्या, मोजक्या दात्यांवर येतो. गंजलेला बोल्ट साध्या बारनं (आत दातेरी चक्र नसलेल्या लांब दांड्यानं) ढिला करायचा आणि रॅचेटनं नुसता फिरवून काढायचा, हे अण्णा गिऱ्हाइकाला माल देतानाच ऐकवत. ऐकणारे कमी होते.

बी.कॉम. झाल्यावर मी काउंटरला बसायला लागले. सुरुवातीला मिस्त्री लोक आत डोकावून "अण्णा कुठं हायत?" एवढंच विचारायचे. पुढं "ताई, सतराची डीप गोटी द्या" वर आले. मोठं काही केलं नाही मी; मागितलेली गोटी पहिल्या हाताला काढून देत गेले, एवढंच.

धंद्याचं वळण गाड्यांनी आणलं. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवं बसतं आणि त्याची एक बाजू कायम फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला, चिकटलेली असते. फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मारुती आणि टाटा दोघांच्याही गाड्यांत आलं, तेव्हापासून "हात जाईना" हे वाक्य दुकानात रोज ऐकू यायला लागलं. मग १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ हा नियम लागू झाला. बीएस-५ ओलांडून थेट सहावर उडी. डिझेल गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी), ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा), त्यांचे पाईप आणि सेन्सर यांची दाटी वाढली. बोनेट तेवढंच आणि आत बिऱ्हाड वाढलेलं. एक मिस्त्री म्हणाले होते, "ताई, बोल्ट दिसतोय, हात बी जातोय, पण पाना फिरवायला जागा न्हाई."

अशांसाठी आम्ही हलत्या मुंडीची रॅचेट आणली. दांडा आणि मुंडी यांच्यामध्ये पिन असते, त्यामुळे दांडा आडव्या पाईपवरून वर उचलून फिरवता येतो. पहिली खेप साध्या मुंडीची होती, लॉक नसलेली. टेबलावर छान वाटायची. पण इंजिनाच्या मागं, न दिसणाऱ्या बोल्टवर एका हातानं गोटी बसवायची वेळ आली की मुंडी खाली पडायची. त्याच मिस्त्रींनी ती परत आणून काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "ही मान टाकलेली कोंबडी हाय." पिनेचा स्क्रू आवळला की काही दिवस मुंडी जागेवर राहते, वापरात तो पुन्हा सैल होतो. तेव्हा लॉकवाली मागवली. तिच्यात मुंडीच्या बुडाला खाचा असतात आणि दांड्यातला स्प्रिंगचा खटका त्यांत अडकतो. बटण दाबायचं, हवा तो कोन द्यायचा, सोडायचं.

लॉकवाली महाग पडते. साध्या रॅचेटच्या दुप्पट किंवा जास्त. त्यामुळे ती कुणाला द्यायची आणि कुणाला नाही, यावर आम्हाला विचार करावाच लागला. खरं सांगायचं तर आमचं दुकान आज जसं आहे, ते या एका हत्यारानं घडवलं. तोवर आम्ही सेट विकत होतो. यानंतर "कुठला बोल्ट काढायचाय?" हा प्रश्न आधी विचारायला लागलो.

त्यासाठी भंगारातून एक जुनं इंजिन उचललं, मॅनिफोल्ड (इंजिनाला हवा-धूर पोचवणारं नळकांडं) आणि अल्टरनेटरच्या ब्रॅकेटसकट, आणि दुकानात भिंतीला चिकटवून ठेवलं. गाडीत फायरवॉल असते तशीच अडचण राहावी म्हणून. अण्णांना वाटलं, जागा वाया गेली. पण रॅचेट हातात घेऊन त्या मागच्या बोल्टवर लावून बघितली की गिऱ्हाईक स्वतःच ठरवतं, आम्हाला बोलावं लागत नाही.

तिथं सगळ्यात आधी लक्षात येतात ते दाते. २४ दात्यांची रॅचेट पुढचा दाता पकडायला १५ अंश फिरावी लागते. ३६ ची १० अंश, ७२ ची ५, १२० ची ३. अंश म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं काही येत नाही, म्हणून मी हातापाशी किती हालचाल लागते ते सांगते. दांडा २५० मिमीचा धरला तर २४ दात्यांना टोक सुमारे ६५ मिमी हलवावं लागतं, ७२ ना २२ मिमी आणि १२० ना जेमतेम १३. मॅनिफोल्ड आणि पाईप यांच्यामध्ये ६५ मिमी कुठून आणणार? पण दाते जितके बारीक तितके ते नाजूक, आणि भार पेलायला पॉलचे जास्त दाते एकाच वेळी अडकावे लागतात. ते काम नीट केलेलं आहे की नाही हे वरून दिसत नाही. गॅरेजसाठी मी ७२ किंवा ९० च्या आसपास थांबायला सांगते. १२० दाते पेटीवर ठळक छापलेले असले, तरी रोज ग्रीस-मातीत लोळणाऱ्या हत्याराला ती चैन आहे.

दुसरी गोष्ट कोनाची, आणि तिच्यावर सगळ्यात जास्त वाद होतात. लॉक लावलं म्हणजे ताकद पूर्ण मिळते असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. समजा २८० मिमीचा दांडा आहे आणि टोकाला १० किलोचा जोर लावला. मुंडी सरळ असेल तर बोल्टवर साधारण २७ न्यूटन-मीटर पीळ येतो. ८.८ ग्रेडचा एम-८ बोल्ट, म्हणजे १३ किंवा १२ च्या गोटीचा, साधारण २५ ला आवळतात, म्हणजे भागलं. दांडा ४५ अंश वर उचलला की तोच जोर १९ वर येतो. ६० अंशांना निम्मा. लॉकचं काम एवढंच की दिलेला कोन राहतो, हात वरखाली झाला तरी गोटी बोल्टवरून तिरकी होत नाही आणि षटकोनाचे कोपरे गोल होत नाहीत. मला विचाराल तर तेवढ्यासाठीच तिचे पैसे वसूल होतात. कोपरे गोल झालेला बोल्ट इंजिनाच्या मागच्या अंगाला काढायची पाळी ज्याच्यावर आली आहे, त्याला हे पटवावं लागत नाही.

चौक कोणता घ्यायचा? पहिली लॉकवाली घेत असाल तर तीन-अष्टमांश इंची घ्या, म्हणजे ९.५ मिमी चौकाची, लांब दांड्याची. दहा-बारा-चौदाच्या गोट्या, एम-६ ते एम-१० बोल्ट, गाडीतलं बहुतांश अडचणीचं काम यातच येतं. आमच्याकडं सवयीनं अर्धा इंचीच मागतात, कारण मोठं म्हणजे मजबूत. पण अर्धा इंचीची मुंडी जाड असते, ती जिथं शिरायला हवी तिथंच शिरत नाही. चाकाचे नट, हेड बोल्ट, सस्पेन्शनचे बोल्ट यांसाठी हलती मुंडी कुणी मागितली तर आम्ही देत नाही. तिथं बार आणि मोजून पीळ देणारा टॉर्क पाना.

बटणं दोन असतात, तेही सांगावं लागतं. मुंडीच्या पाठीवरचं गोटी सोडवायचं, दांड्यावरचं लॉकचं. गोटी सोडवायच्या बटणाची एक गोष्ट मी काउंटरवर नेहमी सांगते. अमेरिकेत सीअर्सच्या दुकानात काम करणाऱ्या पीटर रॉबर्ट्स नावाच्या पोरानं एका हातानं गोटी सोडवता येईल अशी रॅचेट काढली. १९६५ मध्ये त्याला पेटंट मिळालं. कंपनीनं ते जास्तीत जास्त १०,००० डॉलर देऊन घेतलं आणि अशा रॅचेट लाखांनी विकल्या. पुढं त्यानं दावा लावला आणि १९७७ मध्ये ज्युरीनं त्याच्या बाजूनं कौल दिला. आमच्याकडच्या कामाच्या पोरांना ही गोष्ट फार आवडते, पगारवाढीच्या महिन्यात विशेष.

हत्याराच्या पोटात काय असतं ते आम्हाला पुरानं शिकवलं. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा चढली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. पाणी उतरल्यावर नदीकाठच्या भागातले गॅरेजवाले चिखल भरलेल्या पेट्या घेऊन यायला लागले. नवीन घ्यायला कुणाकडं पैसे नव्हते, आणि तेव्हा नवीन विकायला आमचंही मन होईना. अण्णांनी मागच्या खोलीत रॉकेलचे ट्रे मांडले. मुंडीची प्लेट खोलायची, पॉल, स्प्रिंग आणि चक्र काढून धुवायचं, हलकं तेल लावून बसवायचं. रॅचेटमध्ये घट्ट ग्रीस भरायची सवय सगळीकडं आहे, पण बारीक दात्यांच्या रॅचेटमध्ये त्यानं पॉल चिकटतो आणि जोरावर दाता सुटतो. लॉकवाल्या उघडल्या तेव्हा दिसलं की दाते शाबूत आहेत, खटक्याची टोकं मात्र झिजलीत. रॅचेट आडवी धरून पहारीसारखी दाबायची, नाहीतर तिनंच ठोकायचं, याचा तो परिणाम. तेव्हापासून नवीन माल घेताना मी लॉक लावून मुंडी दोन्ही अंगांना हलवून बघते. थोडी ढिलाई सगळ्यांत असते. खटका खाचेत पूर्ण बसल्यावरही मुंडी टकटक वाजत असेल तर ती खेप आम्ही उतरवून घेत नाही.

त्या कामातून दुरुस्तीचं टेबल कायमचं सुरू झालं. ज्या रॅचेटचा पॉल-स्प्रिंगचा किट मिळत नाही ती आम्ही ठेवत नाही, मग ती कितीही खपणारी असो. किटमध्ये मिळकत नगण्य आहे. पण किट न्यायला आलेला माणूस दोन गोट्या आणि एक एक्स्टेंशन (रॅचेट आणि गोटी यांच्यामध्ये लावायचा जोडदांडा) नेतोच.

ऑनलाइन किमतींशी आमची बरोबरी होत नाही. लोक फोन दाखवून विचारतात, "ताई, हितं एवढ्याला हाय की." मी म्हणते, घ्या तिथून, पण आधी भिंतीपाशी ठेवलेल्या इंजिनावर आमची लावून बघा. काहींना तर लॉकवालीची गरजच नसते. लांब एक्स्टेंशन आणि युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) यांत काम होत असेल तर तसं सांगते, फार थोड्या पैशांत भागतं. यावर अण्णांचं आणि माझं अजून जमत नाही. महाग वस्तू मागायला आलेल्याला स्वस्त देऊन पाठवायचं, हा कसला धंदा, असं त्यांचं म्हणणं.

आता सांगली, बेळगाव आणि गोव्याकडूनही बोल्टचे फोटो येतात. गोव्याच्या बोटींच्या इंजिनांचे फोटो बघताना कळलं की तिथं जागेइतकाच खाऱ्या हवेचा त्रास आहे, म्हणून तिकडं जाणाऱ्या मालाबरोबर आम्ही तेलाची छोटी बाटली टाकतो.

सध्या प्रश्न पाव इंचीचा आहे. दुचाकीवाले मिस्त्री फेअरिंगच्या (गाडीवरच्या प्लास्टिकच्या आवरणाच्या) मागच्या एम-६ बोल्टांसाठी लहान लॉकवाली मागतात. जी नमुना म्हणून आली तिच्यात लॉकच्या बटणानं दांडा इतका जाड झाला की लहान असण्याचा फायदाच गेला. दोन वेगळ्या बनावटीच्या रॅचेट दुचाकीच्या गॅरेजमध्ये वापरायला देऊन ठेवल्या आहेत. त्यांनी पसंत केली ती मागवू. तोवर पाव इंचीत साधी रॅचेट आणि जॉइंटच मिळेल.