आठव्या दिवसाचं काय?

परवा ऑफिसातल्या मैत्रिणीचा मेसेज आला, "तुझ्याकडे तो सात दिवसांचा चार्ट होता ना गं, कोबीच्या सूपवाला, पाठव ना प्लीज, महिनाअखेरीस एक फंक्शन आहे आणि ड्रेसची चेन वर जायला तयार नाहीये." चार्ट होता माझ्याकडे. अजून आहे. तीन फोन बदलले तरी तो फोटो प्रत्येक नव्या फोनमध्ये बरोबर येऊन बसतो, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. पाठवायला म्हणून उघडला आणि मग वाटलं आधी हिला जरा आपबीती सांगावी, सांगायला बसले तर मेसेज एवढा लांबला की म्हटलं सरळ ब्लॉगच लिहू.

तर ते डाएट मी तीनदा केलंय. हो, तीनदा. पहिल्यांदा फसणं समजू शकतं, दुसऱ्यांदाही एक वेळ ठीक आहे, तिसऱ्यांदाचं माझ्याकडे खरंच काही स्पष्टीकरण नाही. पहिल्या वेळची वही मात्र जपून ठेवलीये. सकाळी उठल्या उठल्या, पाणीसुद्धा न पिता काट्यावर उभं राहायचं आणि आकडा लिहायचा. ७८.४ ने सुरुवात. दुसऱ्या सकाळी ७७.५. तिसऱ्या सकाळी ७६.६, त्याच्यापुढे मी तीन उद्गारचिन्हं काढलीयेत आणि एक हसरा चेहरा. आठव्या दिवशी सकाळी ७४.६. म्हणजे सात दिवसांत ३ किलो ८०० ग्रॅम! मी एवढी हुरळले की दिसेल त्याला चार्ट वाटत सुटले, या मैत्रिणीला माझ्याकडे चार्ट असल्याचं माहीत आहे ते त्यामुळेच.

त्याच वहीच्या पुढच्या पानावर, दहा दिवसांनंतर, ७७.२ लिहिलंय. उद्गारचिन्ह नाही. मग मधली बरीच पानं कोरी, कारण वजन वाढायला लागलं की माणूस काट्याच्या वाटेला जात नाही, आणि मग एकदम दीड महिन्याने ७९.१. ये रे माझ्या मागल्या, वर सातशे ग्रॅम व्याज.

तेव्हा मी स्वतःला भरपूर शिव्या घातल्या, माझ्यातच कंट्रोल नाही, मीच खादाड वगैरे. हिशेब करायची अक्कल खूप नंतर आली. आता तो करूनच दाखवते. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. माझ्या उंचीच्या, वजनाच्या आणि दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या बाईला दिवसाला साधारण १९०० ते २००० कॅलरी लागतात. चार्टप्रमाणे खाल्लं तर पोटात जात होत्या आठ-नऊशे. म्हणजे रोज ११०० ची तूट, सात दिवसांच्या ७७००, म्हणजे अगदी नियम न मोडता केलं तरी जास्तीत जास्त एक किलो चरबी. मग बाकीचे पावणेतीन किलो गेले कुठे?

बहुतेक बाथरूममध्ये! आपलं शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये ग्लायकोजेन नावाची साखर साठवून ठेवतं, मोठ्या माणसात साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की शरीर आधी हा गल्ल्यातला पैसा काढतं, आणि साखर गेली की तिच्याबरोबरचं पाणीही जातं. साठा पुरता रिकामा झाला तर तिथेच जवळपास दोन किलो झाले. त्यात खाणं कमी म्हणजे मीठ कमी, मीठ कमी म्हणजे अजून पाणी बाहेर. आतड्यात एरवी जो काही ऐवज असतो तोही कमी. थोडे स्नायूसुद्धा झिजतात, कारण सूपमध्ये प्रोटीन जवळपास नसतंच. आणि मग आठव्या दिवशी माणसासारखं जेवलो की ती साखर परत भरते, पाणी परत येतं, आणि काट्यावर दोन दिवसांत दोन किलो वाढलेले दिसतात. तेव्हा मला वाटलं होतं एका पिझ्झाने दोन किलो वाढले. एका पिझ्झाने दोन किलो चरबी वाढायची तर पंधरा हजार कॅलरींचा पिझ्झा लागेल, तसा पिझ्झा मी तरी पाहिला नाहीये.

पण हा झाला पहिल्या दहा दिवसांचा भाग. पाणी गेलं, पाणी आलं, ठीक आहे. वरचे सातशे ग्रॅम कुठून आले हे खरं बघण्यासारखं आहे, आणि त्यासाठी चौथी रात्र सांगावी लागेल.

चौथ्या रात्री एक वाजता मी अंधारात मोबाईलवर केक बनवण्याचे व्हिडिओ बघत होते. मी केक बनवत नाही. माझ्याकडे धड ओव्हनसुद्धा नाही. पण लोणी आणि साखर फेटतानाचा तो आवाज मी कान देऊन ऐकत होते, एक संपला की दुसरा, आणि मध्येच उठून फ्रीज उघडून नुसतीच उभी राहिले, कोबीच्या सूपचं पातेलं बघितलं आणि फ्रीज बंद केला. पोटात कावळे वगैरे नव्हते ओरडत, ते दुसऱ्या दिवशीच थकून गप्प झाले होते. भूक डोक्यात बसली होती.

मला वाटायचं हा माझाच वेडेपणा. मग कधीतरी मिनेसोटाच्या प्रयोगाबद्दल वाचलं आणि अंगावर काटा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ तरुणांवर हा प्रयोग केला. तत्त्व म्हणून युद्धात लढायला नकार दिलेली ही मुलं, धडधाकट, स्वतःहून तयार झालेली. युद्धामुळे उपाशी राहिलेल्या लोकांना परत खायला घालायचं तर कसं, हे शोधायचं होतं. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १६०० कॅलरी, आणि आठवड्याला पस्तीसेक किलोमीटर चालणं. वजन जवळपास पावपट घटलं. पण त्याहून विचित्र म्हणजे ही मुलं खाण्याशिवाय दुसरं काही बोलेनाशी झाली, ताटं चाटायला लागली, च्युइंगगमची पाकिटंच्या पाकिटं संपवायला लागली, आणि काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करायला लागले! आयुष्यात स्वयंपाकघरात न गेलेली मुलं रात्री पडल्या पडल्या पाककृती वाचतायत. माझे केकचे व्हिडिओ आठवा.

आता लगेच कोणी म्हणेल की ते २४ आठवडे होते आणि तुझे सात दिवस, बरोबर आहे, मी स्वतःला युद्धपीडित म्हणवत नाहीये. पण त्यांच्या १६०० होत्या आणि माझ्या हजारही नव्हत्या, एवढं फक्त नोंदवून ठेवते.

आणि प्रयोग संपल्यावर काय झालं? खाणं मोकळं केल्यावर ती मुलं पोट तुडुंब भरेपर्यंत खायची आणि तरी म्हणायची भूक आहे. वजन भरून आलं तेव्हा आधीपेक्षा चरबी जास्त होती, कारण स्नायू सावकाश भरतात आणि चरबी आधी हजर होते. माझे सातशे ग्रॅम तिथलेच. आठव्या दिवसानंतर मी "आता नॉर्मल खायचं" असं ठरवलं होतं, पण माझं नॉर्मल दीड महिना जागेवर आलंच नाही. जेवण झाल्यावर बिस्किट, बिस्किटांनंतर अजून काहीतरी, आणि सगळं उभ्या उभ्या, ओट्यापाशी, कोणी बघत नसताना.

याच्यामागची यंत्रणाही आता बऱ्यापैकी माहीत झालीये. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन सोडतात, ते मेंदूला सांगतं की साठा आहे, घाबरू नको. पोटातून घ्रेलिन निघतं, ते भूक लावतं. वजन घटलं की लेप्टिन पडतं आणि घ्रेलिन चढतं. मेलबर्नला पन्नास जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरीच्या डाएटवर ठेवलं होतं, २०११ मध्ये तो अभ्यास छापून आला. सरासरी तेरा-साडेतेरा किलो वजन उतरलं, आणि डाएट संपून वर्ष झालं तरी ही हार्मोन्स पूर्वीच्या पातळीवर आली नव्हती, भूकही आधीपेक्षा जास्तच होती. एक वर्ष! आपण आठवड्याभरात स्वतःला आळशी ठरवून मोकळे होतो.

टीव्हीवरच्या त्या 'बिगेस्ट लूजर' कार्यक्रमातल्या १४ जणांचं तर अजून वाईट. स्पर्धेत सरासरी ५८ किलो घटवलेले हे लोक सहा वर्षांनी तपासले, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं, सरासरी ४१ किलो परत आले होते आणि त्यांचं शरीर बसल्या जागी जेवढं जाळायला हवं त्यापेक्षा दिवसाला पाचशे कॅलरी कमी जाळत होतं. वजन परत आलं तरी मेटाबॉलिझम परत आलं नाही. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

इथपर्यंत वाचून वाटेल की मी आता "म्हणून हळूहळू कमी करा" असं म्हणणार. मीही बरीच वर्षं तेच म्हणायचे, जिममध्येही तेच सांगतात, सावकाश उतरवलेलं वजन टिकतं. गंमत अशी की ऑस्ट्रेलियातच दोनशे लोकांवर हे तपासलं गेलं, २०१४ मध्ये. एका गटाने १२ आठवड्यांत झटपट वजन उतरवलं, दुसऱ्याने ३६ आठवड्यांत सावकाश. पुढे जवळजवळ तीन वर्षं लक्ष ठेवलं, तर दोन्ही गटांत घटवलेल्यातलं सत्तर टक्के वजन परत! उलट ठरलेलं टार्गेट गाठणारे झटपटवाल्या गटात जास्त निघाले. हे वाचल्यावर माझा दोन दिवस मूड गेला होता, कारण माझी सगळी भाषणं पालथ्या घड्यावर पाणी.

मग ब्रिटनमधला डायबेटिसचा अभ्यास वाचला, २०१७ चा, आणि जरा उजेड पडला. त्यात लोकांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींवर ठेवलं होतं. आकडा बघितला तर माझ्या चार्टचाच भाऊ. आणि वर्षभरानंतर जवळपास निम्म्या लोकांची शुगर औषधाशिवाय डायबेटिसच्या पातळीखाली होती. म्हणजे खाणं एकदम तोडणं चालतं की! पण ते सूप पिऊन नव्हते, प्रोटीन-व्हिटॅमिन मोजून घातलेले शेक होते, डॉक्टर-नर्स मागे होते, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की ते संपल्यावर नेहमीचं जेवण काही आठवड्यांत टप्प्याटप्प्याने परत सुरू केलं आणि पुढेही लोकांना नियमित बोलावत राहिले. त्यांच्याकडे आठव्या दिवसाचा प्लॅन होता. माझ्या चार्टात सात चौकोन आहेत आणि सातव्याखाली लिहिलंय, "अभिनंदन!"

सारखं सारखं हे प्रकार करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी पटकन सांगते. केस. उपासमारीनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठभर मूठभर गळायला लागतात, तोवर आपण डाएट विसरलेलो असतो आणि शँपूला दोष देतो. तिसऱ्या वेळी माझं झालंय हे. आणि पित्ताशयातले खडे. माझ्या ओळखीतल्या एकीने दोन महिने नुसत्या लिक्विडवर काढले आणि मग पोटात एवढं दुखलं की ऑपरेशनच करावं लागलं. जेवणात फॅट नसलं की पित्ताशय आकुंचन पावत नाही, पित्त आत तुंबून राहतं, त्यात शरीरातली चरबी भराभर वितळत असल्याने कोलेस्टेरॉल जास्त, आणि खडे धरतात. ज्यांना शुगर-बीपीच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या चार्टच्या वाऱ्यालाही उभं राहू नये.

माझं पुढे काय झालं असं विचारणार असाल तर फार सांगण्यासारखं नाही. गेल्या सव्वा वर्षात सहा किलो. रोजचे तीनेकशे कॅलरी कमी, प्रोटीन जरा जास्त, आठवड्यातून दोनदा वजनं उचलणं आणि रोज चालणं. मधले अकरा आठवडे काटा जागचा हललाच नाही, वहीत नुसते तेच तेच आकडे आहेत, बघायला भयंकर कंटाळवाणी वही. अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू झाली, किमान साडेतेरा किलो घटवून वर्षभर टिकवलेल्या लोकांची, त्यात दहा हजारांवर लोक आहेत आणि तेही असंच कंटाळवाणं काहीबाही सांगतात, रोज तासभर व्यायाम, आठवड्याला वजन करणं. आता नोंद करतात तीच मुळात टिकवलेली माणसं, त्यामुळे बाकीच्यांचं काय झालं ते त्यातून कळत नाही, पण तरी.

तर मैत्रिणीला मी चार्ट पाठवला. पाठवला, कारण नाही पाठवला तरी ती दोन मिनिटांत कुठूनतरी मिळवणारच, आणि एका फंक्शनपुरती चेन लागावी एवढीच इच्छा असेल तर पाणी उतरूनही चेन लागते, त्यात खोटं काही नाही. खाली फक्त एवढं लिहिलं की सुरू करायच्या आधी आठव्या दिवशी नाश्त्याला, जेवायला आणि रात्री काय खाणार आहेस ते मला लिहून पाठव.

तिचं लगेच उत्तर आलं, "आठव्या दिवशी? अगं आठव्या दिवशी तर फंक्शन आहे, बुफे आहे तिथे 😋"