फेब्रुवारीतलं गाव

2011च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. त्यात विशेष काही नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालं की मतदान आणि मोजणी चुकत नाही. सिंधुदुर्गातल्या कुडाळ तालुक्यातल्या एका गावाच्या तीन वाड्या माझ्या वाट्याला आल्या होत्या.

आदल्या वर्षी, म्हणजे 2010च्या मे महिन्यात, घरयादी केली. नजरी नकाशा काढायचा आणि घराघरावर नंबर घालायचा, असं ते काम. मे महिना म्हणजे सगळे चाकरमानी गावात. पडवीत पोरं, खळ्यात आमसुलं वाळत घातलेली, प्रत्येक घरी 'गुरुजी, बसा' आणि कोकम सरबत. दुपारपर्यंत माझी दहा घरंही व्हायची नाहीत.

फेब्रुवारीत मोजणीला त्याच वाड्यांत गेलो तर तीच दहा घरं तासाभरात उरकली. सहांना कुलूप होतं. उरलेल्या चारांत मिळून सात माणसं, त्यातली पाच साठीपुढची.

नियम साधा होता. 9 ते 28 फेब्रुवारी या पूर्ण काळात जो गावात नाही, तो गावात मोजायचा नाही. तो जिथे राहतो तिथला प्रगणक त्याला मोजेल. प्रशिक्षणात हे दोनदा सांगितलं होतं. पण वरच्या वाडीतल्या आजीला ते कोण सांगणार? तिने मला मुलाची आतली खोली उघडून दाखवली. पलंग, त्यावर घडी घातलेली गोधडी, खुंटीला शर्ट.

"गुरुजीनु, झिलाचा नाव घाला. तेचीच खोली मां ती!"

"आजी, त्याला मुंबईत मोजतील."

"शिमग्याक येतलो तो. घालूक तुमचा काय जाता?"

शिमगा त्या वर्षी 19 मार्चला होता, मोजणी संपल्यावर तीन आठवड्यांनी. मी कुटुंबात एकच व्यक्ती लिहिली. तिने अंगठा उठवला आणि मला चहासुद्धा विचारला नाही. (माझी मुलगी तेव्हा पुण्यात हॉस्टेलला होती. आमच्या घरी आलेल्या प्रगणकाशी बायकोने हाच वाद घातला, हे मला संध्याकाळी कळलं.)

आकडे आले तेव्हा जिल्ह्याची लोकसंख्या 8,49,651 निघाली. 2001मध्ये ती 8,68,825 होती. एकोणीस हजार माणसं कमी. हजार पुरुषांमागे 1036 बायका. पेपरात या आकड्याचं कौतुक छापून आलं. मी वाड्यांतून हिंडलो होतो, मला त्यात पुरुषांच्या रिकाम्या खुंट्या दिसल्या. राज्यात त्या दहा वर्षांत लोकसंख्या घटलेले जिल्हे तीनच: सिंधुदुर्ग, रत्नागिरी आणि मुंबई शहर. आमची माणसं ज्या लालबाग-परळला गेली तिथूनही ती पुढे सरकली, नालासोपाऱ्याला नाहीतर डोंबिवलीला.

आता यात प्रशासनाचा काय संबंध? सगळा संबंध तिथेच आहे. ग्रामपंचायतीत सदस्य सात की नऊ, हे दीड हजाराच्या रेषेवर ठरतं. वित्त आयोगाचा निधी मुख्यतः डोक्यांवर येतो. नळपाणी योजनेची टाकी केवढी बांधायची तेही डोकी मोजूनच. मग भाद्रपदात प्रत्येक घरात आठ-दहा माणसं उतरतात आणि चतुर्थीच्या सकाळी वरच्या वाडीला पाणी चढत नाही. लोक सरपंचाला शिव्या घालतात. तो बिचारा फेब्रुवारीतल्या गावाचा सरपंच, त्याच्यापुढे भाद्रपदातलं गाव येऊन उभं राहतं! उलट मतदारयादीत मुंबईकरांची नावं शाबूत असतात, निवडणुकीला गाड्या भरून येतात. म्हणजे मत गावात आणि डोकं मुंबईत. मला हा हिशेब कधीच पटला नाही, पण अर्जात तसा रकाना नव्हता.

2021ची जनगणना झालीच नाही. आता 2027ची होणार आहे, तीही मोबाइलवर. अजून आमच्या गावाचा कारभार त्याच 2011च्या आकड्यावर चालतो, म्हणजे मी पेनाने भरलेल्या रकान्यांवर. त्यातली कितीतरी माणसं आज नाहीत. वरच्या वाडीतली आजीही गेली.

गेल्या गणपतीत तिच्या घरी आरतीला गेलो होतो. अंगणात तीन गाड्या, आत बावीस माणसं. दाराला नवा ऑइलपेंट दिलाय, पण चौकटीवरचा माझा नंबर रंगाखालून अजून पुसटसा दिसतो. तिच्या मुलाने विचारलं, हा आकडा कसला? मी म्हटलं, प्रसाद दे आधी.