रूमवर रांधायला शिकताना: आधी खिचडी, मग वाटण, भाकरी सगळ्यात शेवटी

मेस सोडून स्वतः रांधायचं म्हटलं की घरचे पहिलं काय विचारतात, तर भाकरी जमते का? आणि माझं म्हणणं असं आहे की भाकरीचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. भाकरी हाताच्या सवयीची गोष्ट आहे, तिला वेळ लागतो, आणि तोपर्यंत रोज रात्री कामावरून थकून आल्यावर तुटकं-फाटकं खायला लागलं तर पोरगं आठ दिवसात परत मेस लावतं. पहिल्याच दिवसापासून गरम आणि चवीचं पोटभर मिळालं पाहिजे, तरच हे टिकतं.

मी पारोळ्याकडचा, जळगावला एमआयडीसीत कामाला. शिफ्ट सुटेपर्यंत जी मेस लावलेली होती तिथं वरणाचं पाणी आणि गार पोळ्या उरायच्या, आणि महिन्याचे पैसे मात्र पूर्ण. मग आम्ही तिघांनी मिळून ५ किलोचा छोटा सिलिंडर, एक शेगडी, ३ लिटरचा कुकर, लोखंडी तवा, एक जाड बुडाची कढई आणि सेकंडहँड मिक्सर एवढं घेतलं. फ्रिज नाही. अजूनही नाही. एक सांगतो, कढई पातळ घेऊ नका, मसाला परतायचा तर जाड बूडच पाहिजे, बाकी ताट-वाट्या घरून आणल्या तरी चालतं.

सुरुवात खिचडीने केली, कारण खान्देशात खिचडी आजाऱ्याचं खाणं नाहीये, ते रात्रीचं मेन जेवण आहे. दोन जणांना एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी तुरीची डाळ, दोन्ही धुवून वीस मिनिटं भिजवायचं. कुकरमध्ये शेंगदाण्याचं तेल, मोहरी, जिरं, मग मूठभर शेंगदाणे, ते लालसर झाले की ठेचलेला लसूण भरपूर, एक-दोन सुक्या मिरच्या, कांदा, हळद, तिखट, थोडा काळा मसाला, त्यावर डाळ-तांदूळ परतून चार वाट्या पाणी आणि मीठ. मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, आणि वाफ आपोआप उतरू द्यायची. ताटात वाढल्यावर वरून कच्चं तेल. बाहेरच्या मित्रांना हे ऐकून विचित्र वाटतं, पण गरम खिचडीवर घाण्याचं कच्चं शेंगदाणा तेल, सोबत भाजलेला उडदाचा पापड आणि कांदा, ह्यापुढे मला हॉटेल सुचत नाही. म्हणून महिन्याच्या किराण्यात आम्ही जिथं जिथं वाचवता येईल तिथं वाचवतो पण तेल चांगलंच आणतो. डाळीचं म्हणाल तर जळगावात डाळ मिल भरपूर आहेत, दाणा बाजारात विचारलं तर तुकडा डाळ आख्ख्या डाळीपेक्षा स्वस्त मिळते, खिचडीत आणि वरणात शिजून एकच होते ती.

खिचडी हातात बसली की मग वाटण. मला विचाराल तर आपल्याकडचा निम्मा स्वयंपाक ह्या एका वाटणावर उभा आहे. चार मध्यम कांदे सालासकट गॅसच्या जाळावर ठेवायचे, फिरवत फिरवत साल पूर्ण काळी होऊ द्यायची आणि आतून कांदा मऊ व्हायला पाहिजे, घाई केली की आत कच्चा राहतो आणि मग कितीही परता, रश्श्याला उग्र वास येतो. सुकं खोबरं अर्धी वाटी, पातळ काप करून तव्यावर बारीक आचेवर. जाळावर धरलं तर त्यातल्या तेलाने पेट घेतं, त्यामुळे तवाच बरा. मग दहा-बारा लसूण पाकळ्या, आल्याचा तुकडा, कोथिंबीर देठांसकट, हे सगळं अगदी कमी पाण्यात बारीक वाटायचं.

खरी गोष्ट परतण्यात आहे. माय फोनवर रोज विचारायची, "काय जेवना रे भाऊ?" आणि मी रस्सा म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, तेल सुटलं होतं का? वाटण तेलात टाकल्यावर आधी ते पाणी सोडतं, बुडबुडे मोठे असतात, आवाजही फडफडणारा असतो, मग पाणी आटत जातं तसा आवाज बारीक होतो, रंग विटकरीवरून तपकिरी होतो, आणि कढईच्या कडेने तेल वेगळं दिसायला लागतं, चमच्याने वाटण सारलं की ते एका गोळ्यात सरकतं. ह्याला दहा-बारा मिनिटं लागतात आणि ती द्यायचीच. मग आच एकदम कमी करून तिखट आणि काळा मसाला, कारण मोठ्या आचेवर मसाला क्षणात करपतो, आणि लगेच उकळतं पाणी. गार पाणी ओतलं तर तर्री वर येत नाही, रस्सा मळकट दिसतो.

एवढं आलं की शेवभाजी आलीच. जाड तिखट शेव पाव किलो घेतली की तिघं पोटभर जेवतो, हॉटेलात तेवढ्या पैशात एक प्लेट येते. शेव मात्र ताटं मांडल्यावरच रश्श्यात टाकायची, आधी टाकली की ती सगळा रस्सा पिऊन घेते. आणि शेव पण संपली असेल, महिनाअखेर असेल, तर डुबुक वडे. एक वाटी बेसन, तिखट, मीठ, जिरं, कोथिंबीर, घट्टसर भिजवायचं, आणि खळखळ उकळणाऱ्या रश्श्यात बोटांनी छोटे छोटे गोळे सोडायचे, सोडल्यावर दोन-तीन मिनिटं चमचा अजिबात लावायचा नाही, नाहीतर पीठ सुटून पिठलं होतं. शिजले की वर येतात. एक तोडून बघायचा, मध्ये पांढरट कोरडं पीठ दिसलं तर अजून थोडी उकळी. माझ्या मते हा खान्देशातला सगळ्यात स्वस्त रस्सा आहे आणि पाहुण्याला वाढायलाही लाज वाटत नाही.

वाटण जास्तीचं करून ठेवता येतं, पण पाणी पूर्ण आटेपर्यंत परतून, कोरड्या डब्यात, आणि फक्त थंडीत, तेही दोन-तीन दिवस. मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा फ्रिज नसेल तर रोजचं रोज वाटायचं, ठेवायचा विचारच करू नका.

थंडी म्हटली की भरीत आलं, आणि ह्यात तर आपण जळगाववाले नशीबवान. भरताची ती मोठी हिरवट-पांढरट वांगी, त्यांना २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. बिया कमी, गर लोण्यासारखा. शेतात हे पऱ्हाटीच्या (म्हणजे कपाशीच्या) किंवा तुरीच्या काड्यांवर भाजतात, तो धुराचा वास गॅसवर येत नाही हे खरंय, पण वांग्याला तेलाचा हात लावून, सुरीने चार ठिकाणी टोचून (नाहीतर फुटतं) बारीक जाळावर सावकाश भाजलं तर जे होतं तेही भारीच असतं. देठाजवळ दाबून बघायचं, तिथं मऊ लागलं म्हणजे झालं, कारण सगळ्यात शेवटी तिथंच शिजतं. गावाला लाकडाच्या बडगीत ठेचतात, आम्ही स्टीलच्या पातेल्यात वरवंट्याने ठेचतो, मिक्सर लावायचा नाही. तेलात शेंगदाणे तळून, हिरवी मिरची-लसणाचा ठेचा परतून, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालून वांगं त्यात कालवायचं. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही.

आणि आता भाकरी, कारण भरीत पोळीबरोबर खाणं मला पटत नाही. इथं मला जे कामाला आलं ते सांगतो: सुरुवात नुसत्या ज्वारीने न करता कळण्याने करा. चार वाट्या ज्वारी, एक वाटी काळे उडीद सालासकट, आणि मीठ, चक्कीवर एकत्र दळून आणायचं. दादर ज्वारी मिळाली तर अजून चांगली. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो म्हणून भाकरी थापताना कडा फाटतात, उडीद चिकट असतो, तो पीठ धरून ठेवतो. म्हणजे जे आपण चवीसाठी खातो तेच शिकणाऱ्यासाठी सोपंही आहे, आणि डाळ पोटात जाते ती वेगळी. पीठ थोडं थोडं दळून आणा, जुन्या पिठाची भाकरी उकळत्या पाण्यातही नीट जुळत नाही.

कडकडीत पाणी घालून आधी चमच्याने हलवायचं, हाताला सोसेल इतकं झालं की तळहाताच्या टाचेने रगडून मळायचं, एका वेळी एकाच भाकरीचं पीठ. परातीत कोरडं पीठ भुरभुरून थापायचं, आणि भाकरी परातीत फिरत राहिली पाहिजे, चिकटली तर खाली पीठ कमी आहे. तवा चांगला तापलेला. भाकरी टाकली की वरच्या बाजूला लगेच पाण्याचा हात सगळीकडे फिरवायचा, ते पाणी वाळत आलं पण पूर्ण सुकलं नाही तेवढ्यात उलटायची, दुसरी बाजू पूर्ण भाजू द्यायची, मग पहिली बाजू थेट जाळावर. फुगते. रूममधला एक जण धुळ्याचा आहे, तो तर म्हणतो भो तू फक्त भाकरी टाक, भांडी मी घासतो, आणि आता आमच्यात ते तसंच ठरून गेलंय.

काळा मसाला अजून गावाहूनच येतो. उन्हाळ्यात माय करते तेव्हा यंदा मी सुट्टी टाकून जाणारे, कारण कोणता जिन्नस किती भाजायचा हे फोनवर कळत नाही. आणि त्याआधी फुनके करून बघायचेत, तूर आणि मुगाची डाळ भिजवून जाडसर वाटून, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात घालून, शिट्टी काढलेल्या कुकरात वाफवायचे, सोबत ताकाची कढी. कुणी कुकरमध्ये केले असतील तर किती वेळ वाफवता ते सांगा.