आमच्या खोलीतला भोंगा

एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या पेपरच्या आदल्या रात्री पावणेदोनला मी फोन खाली ठेवला, तेव्हा वहीत लाप्लासचं एकच गणित होतं, तेही अर्धं. दहा वाजल्यापासून मी काय पाहत होतो? एक माणूस मळके गालिचे धूत होता. आमच्या विट्याच्या घरात गालिचा नाही, आणि मला गालिच्यांत काडीचाही रस नाही. तरी पाहिले.

एम-थ्री राहिला, हे सांगायला नकोच.

निकालाच्या दिवशी पहिल्यांदा सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीन टाइमचा आकडा बघितला. दिवसाला सरासरी ६ तास ५० मिनिटं, त्यातले चार तास इन्स्टावर. एका दिवसात फोन १७१ वेळा उघडलेला. हा फोन बाबांनी २०२० मध्ये अकरावीच्या ऑनलाइन तासांसाठी घेऊन दिला होता. त्याच वर्षी जूनच्या शेवटी टिकटॉक बंद झालं आणि जुलैत इन्स्टावर रील्स आल्या. म्हणजे फोन आणि रील्स माझ्या हातात जवळजवळ जोडीनेच आले.

मग सुरू झाले उपाय. ॲप काढून टाकलं, तर संध्याकाळपर्यंत ब्राउझरमधून तेच चालू. अकाउंटच कायमचं काढायला टाकलं, पण ते ३० दिवस तसंच राहतं. नवव्या दिवशी ‘एकच मेसेज बघायचाय’ म्हणून आत गेलो आणि अकाउंट पुन्हा जिवंत करून बसलो. अर्ध्या तासाचा टायमर लावला, पण तो वाढवायचाही आपणच. कुलूप चोराने लावायचं आणि चावीही त्याच्याच खिशात! स्क्रीन काळी-पांढरी केली, त्याने थोडा फरक पडला. मिसळीची तर्री राखेसारखी दिसायला लागल्यावर बोट आपोआप थांबायचं. चार दिवसांत डोळ्यांना तेही सवयीचं झालं.

सगळ्यात जड गेलं ते स्नॅपचॅट. शाळेतल्या मित्राबरोबर ३८६ दिवसांची स्ट्रीक होती. दोघांनीही रोज काहीतरी पाठवायचं, नाहीतर आकडा शून्यावर. मी पंख्याचा फोटो पाठवायचो, तो त्याच्या बुटांचा. मी ती मुद्दाम तोडली, तर दुसऱ्या दिवशी त्याचा फोन, “काय रे, बरा आहेस ना?” चाळीस मिनिटं बोललो. त्याच्या वडिलांची अँजिओप्लास्टी होऊन दोन महिने झाले होते. मला पत्ताच नव्हता, आणि बूट मात्र रोज दिसत होते.

‘साधा बटणांचा फोन घे’ असं सांगणारे पुष्कळ भेटले. सबमिशनची तारीख वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, चहाचे पैसेही फोननेच जातात. त्यांनी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, एक महिना राहून दाखवावं.

तोड निघाली ती आईच्या एका वाक्यातून. ती फोनवर म्हणाली, “आरं, त्या वडगावात भोंगा वाजवत्यात, तसं काय तरी करा की.” आमच्या शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. लॉकडाउननंतर पोरं फोन सोडेनात, म्हणून तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही-मोबाइल बंद. मी रूममेट्सना हे हसत हसतच सांगितलं. त्यातल्या एकाचे दोन विषय राहिले होते. तो हसला नाही.

आम्ही ९ ते १०.३० ठरवलं, कारण मेस त्याआधी उरकते. तिघांचे फोन पत्र्याच्या ट्रंकेत, चावी खाली मेसवाल्या काकूंकडे. त्या साडेदहाच्या आधी चावी देत नाहीत; एकदा खोटं सांगून मागून पाहिली, तेव्हा त्यांनी मला भांडी विसळायला लावली. अलार्मला खऱ्या भोंग्याचा आवाज लावला होता, तो घरमालकांनी दुसऱ्याच दिवशी बंद पाडला.

पहिला आठवडा अभ्यास शून्य. हात सारखा रिकाम्या खिशाकडे जायचा. एकाने सगळी नखं कापली, मी भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत बसलो. मग मेंढीकोट सुरू झाला. पुस्तक उघडलं ते तिसऱ्या आठवड्यात, तेही पत्त्यांत सारखा हरत होतो म्हणून. तेव्हा एक जाणवलं: वहीचं पान संपतं, डाव संपतो, रील संपत नाही. न संपणारं हे सरकवणं एझा रॅस्किन नावाच्या माणसाने २००६ मध्ये तयार केलं आणि पुढे त्याला स्वतःलाच त्याचा पश्चात्ताप झाला, हे नंतर वाचलं. वाचलं तेही फोनवरच.

माझं जेवणखाण किंवा कॉलेज सुटलं नव्हतं, म्हणून ट्रंकेवर भागलं. ज्याचं सुटलंय त्याने ट्रंकेच्या नादी लागू नये. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत २०१४ पासून यासाठी ‘शट’ नावाचं वेगळं क्लिनिक आहे. तिथले नाही तर जवळचे मानसोपचारतज्ज्ञ गाठावेत.

एम-थ्री ४७ वर निघाला. आकडा आता पावणेतीन तासांवर आलाय, परीक्षा संपली की चारवर जातो. ट्रंक ज्याची होती तो जूनमध्ये खोली सोडून गेला. सध्या फोन पोह्यांच्या डब्यात जातात. त्याला कुलूप लागत नाही, एवढीच अडचण आहे.