पीठ वाळेपर्यंत

डहाणू तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी चौथीला शिकवतो. वर्गात बहुतेक मुलं वारली. यंदा ठरवलं, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्यावरच्या नाचाचं चित्र मोबाइलवर हलतं करायचं आणि त्यावर मुलांचीच कविता म्हणायची.

एका मुलीच्या आजी लग्नात चौक, म्हणजे भिंतीवरचं लग्नाचं चित्र, लिहितात. वारल्यांकडे चित्र काढत नाहीत, लिहितात. मुलं ‘काढतो’ म्हणायला माझ्याच वर्गात शिकली होती. आजी आधी बिचकल्या, पुठ्ठ्यावर कसं लिहायचं? पण भिंतीवरची ही कला कागदावर नेणारे, २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातले. त्यांचं नाव काढताच आजींनी बांबूची काडी चावून कुंचला केला, तांदळाच्या पिठात पाणी नि डिंक कालवला.

गेरू फासलेला पुठ्ठा जमिनीला चिकटवला, मोबाइल वर स्टुलाला बांधला. डोकं लिहिलं, फोटो. दोन त्रिकोण, फोटो. हातपाय, फोटो. बत्तीस माणसं, ९६ फोटो. सेकंदाला आठ धरले की बारा सेकंदांची फिल्म.

पहिला दिवस वाया गेला. फोटोत रेघा दिसेचनात. ओलं पीठ पुसट असतं, वाळल्यावरच पांढरं होतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग प्रत्येक रेघेनंतर थांबणं आलं. चांगला आठवडा गेला.

कविता त्या थांबण्यात आली. आधी वहीत लिहायला सांगितलं तेव्हा सगळ्यांची फुलपाखरं आली होती. आता पुठ्ठ्यावर फुंकर घालता घालता एक जण म्हणाला, “याचा पाय ओला आहे, हा उद्या नाचेल.” मी लगेच फळ्यावर उतरवलं. “सर, आमच्या बोलीत चालेल?” चालेल म्हटलं, आणि चौदा ओळी झाल्या. बारा सेकंदांत त्या मावेनात. कोणती ओळ गाळायची यावर मुलं तासभर भांडली. इतका बारकाईने शब्दांचा विचार मी त्यांच्याकडून कधी करवून घेतला नव्हता. उरलं ते असं, प्रमाण मराठीत सांगतो:

पाय ओला, थांब जरा
पीठ वाळू दे
तारपा मधोमध
पाठ कुणी फिरवू नका

शेवटची ओळ आजींमुळे. तारपा वाजवणाऱ्याकडे नाचताना पाठ करत नाहीत.

फिल्म पाहून आजी म्हणाल्या, “एवढ्या घाईत कोण नाचतं?” आम्ही सेकंदाला सहा फोटो केले. चार सेकंद वाढले, आणि मुलांनी ‘हा उद्या नाचेल’ परत आत घेतलं.