क्लेअरची भांडणं आणि आमच्या पेट्या

‘पेटी काही आपली नव्हे, आक्का.’ बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या पेटीदुरुस्तीच्या दुकानात हे वाक्य कुणी ना कुणी बोलतंच. बोलणाऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि तो सांगतो ते खरंही असतं. पेटी, म्हणजे हार्मोनियम, मूळची युरोपातली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी एकोणिसाव्या शतकात ती हाताच्या भात्याची केली, मग ती नाटकात, कीर्तनात, भजनात आली. आप्पा हे सगळं मान्य करायचे आणि पेटीचे सूर, म्हणजे आतल्या धातूच्या जिभळ्या, घासत राहायचे. ते गेल्यापासून दुकान मी बघते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, पलीकडं चंदगडपर्यंतची भजनी मंडळं पेट्या आणतात. आषाढी जवळ आली की बसायला जागा उरत नाही आणि पेटी कुणाची हा वादही तेव्हाच रंगतो.

या वादाकडं मी नव्यानं बघू लागले ते माझ्या भाच्यामुळं. तो आयर्लंडमध्ये क्लेअर परगण्यात एनिस गावी नोकरीला आहे. तिथं तो कॉन्सर्टिना शिकतो. दिवाळीला आला तेव्हा घेऊनच आला. ‘मावशी, याचे काही सूर बसलेत, बघ की.’ हातात मावणारं षट्कोनी वाद्य, मधे भाता, दोन्ही बाजूंना बटणं. भाता ओढला की एक स्वर, दाबला की त्याच बटणाचा दुसरा. मला हे अवघड वाटलं, पण आत उघडून बघितलं आणि हात आपोआप चालू लागला. धातूच्या चौकटीत बसवलेली पातळ जिभळी, तीच आमची. टोकाकडं घासली की सूर चढतो, बुडाकडं घासली की उतरतो. आप्पांनी मला शिकवलेलं सगळं तिथं लागू पडलं.

काम चालू असताना तो त्याच्याकडच्या गोष्टी सांगायचा. तिथं पबमध्ये संध्याकाळी वादक गोल करून बसतात, त्याला सेशन म्हणतात. एकदा वाजवून झाल्यावर शेजारच्या म्हाताऱ्यानं त्याला सांगितलं, सूर तुझे बरोबर आहेत, पण ही चाल तू कुठल्या गावाची वाजवलीस ते कळलं नाही. भाचा नाराज होता. मला मात्र तो म्हातारा फार जवळचा वाटला. त्यानंतर कितीतरी रात्री मी ते संगीत ऐकत आणि त्याबद्दल वाचत बसले.

त्यांची भांडणं वाद्यांवरून सुरू होतात. आज ज्याला अस्सल आयरिश समजतात ती लाकडी बासरी एकेकाळी युरोपातल्या वाद्यवृंदांत वाजायची. तिथं नव्या रचनेची बासरी आली तशा जुन्या स्वस्तात सुटल्या आणि खेड्यापाड्यांत पोचल्या. कॉन्सर्टिना इंग्लंड-जर्मनीची. बुझुकी हे तंतुवाद्य ग्रीसचं, ते जॉनी मॉयनिहान यांनी १९६० च्या दशकात आणलं. सगळ्यात जास्त शिव्या खाल्ल्या त्या अकॉर्डियननं. शॉन ओ रिआडा या संगीतकारानं १९६२ मध्ये आयरिश रेडिओवर परंपरागत संगीताबद्दल व्याख्यानमाला केली, तीत अकॉर्डियनवर आणि केली बँडवर सडकून टीका होती. केली बँड म्हणजे नाचासाठी फिडल (तिकडचं व्हायोलिन), बासरी, अकॉर्डियन, पियानो, ड्रम सगळं एकत्र वाजवणारा ताफा. त्याच ओ रिआडांच्या स्वतःच्या संचात अकॉर्डियन होतं, आणि ते स्वतः हार्प्सिकॉर्ड हे पियानोसारखं जुनं तंतुवाद्य वाजवायचे. तारेच्या जुन्या आयरिश हार्पचा नाद त्यांना त्यात सापडायचा. मला यात ढोंग दिसत नाही. त्यांच्या कानात एक हरवलेला नाद होता आणि हाती लागेल त्यातून ते तो शोधत होते.

आता आपल्याकडचं बघा. १ मार्च १९४० पासून आकाशवाणीनं पेटीवर बंदी घातली. कारण तेच: ठरलेले बारा स्वर, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, श्रुती, म्हणजे स्वरांमधले बारीक भेद, सापडत नाहीत. रवींद्रनाथ टागोरही पेटीच्या विरोधात होते. त्याच्याही आधी सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी क्लेमंट्स या इंग्रज साहेबांच्या सोबतीनं श्रुतींची पेटी करून घेतली होती, म्हणजे ही उणीव पेटीवाल्यांनाही टोचत होती. बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. त्या सगळ्या काळात याच बेळगावात रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत होते, शिकवत होते, मोठमोठ्या गवयांची साथ करत होते. रेडिओत जे चालत नव्हतं त्याची तालीम इथं रोज चालू होती. आप्पा त्यांचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावायचे.

माझ्या दुकानात बसून एक गोष्ट लक्षात येते. ज्याच्या हाती जे वाद्य आलं, तिथंच तो परंपरेची वेस घालतो. मृदंगवाला म्हणतो तबला नको. तबलेवाला म्हणतो ढोलकीपर्यंत ठीक, ऑक्टोपॅड नको. पेटीवाला कीबोर्डला नाकं मुरडतो, आणि यात मीही आहे, कीबोर्ड मी दुरुस्तीला घेत नाही. म्हणून मला टोनी मॅकमॅहन यांच्याबद्दल वेगळा आदर आहे. ते क्लेअरचे, अकॉर्डियनवर संथ चाली वाजवण्यात नावाजलेले, आणि तरीही अकॉर्डियन हे वाद्य आमच्या संगीताला जुळत नाही असं उघड सांगणारे. १९९५ मध्ये आयरिश दूरदर्शनवर परंपरेतल्या नव्या वाटा दाखवणारी एक मालिका लागली, ती करणारे मीहॉल ओ सूलवॉन आणि मॅकमॅहन यांच्यात जाहीर वाद झाला. पुढच्याच वर्षी परंपरा आणि बदल या विषयावर डब्लिनमध्ये परिषद भरली आणि तिथंही दोघं समोरासमोर आले. संगीतासाठी इतक्या जिवापाड भांडणारी माणसं ज्या देशात आहेत, तिथलं संगीत इतक्यात मरणार नाही, असं मला वाचताना वाटत होतं.

तरी मॅकमॅहन असोत की आमचे माळकरी काका, वाद्यावर सगळा राग काढण्यात मुद्दा निसटतो असं माझं मत आहे. केली बँड का फोफावले ते बघा. आयर्लंडमध्ये १९३५ साली कायदा आला: सार्वजनिक नाचाला परवाना हवा. पाद्र्यांचा रेटा होताच. घराघरांत, स्वयंपाकघरात, एका फिडलवर होणारे नाच बंद पडत गेले आणि लोक हॉलमध्ये गेले. मोठ्या हॉलमध्ये एकट्या फिडलचा आवाज पोचेना, म्हणून ताफे वाढले. नावं अकॉर्डियनला ठेवली गेली, पण वाजवायची जागा बदलली होती. आमच्याकडं देवळातलं भजन मांडवात गेलं, माइक आला, तेव्हा हेच झालं. चार भिंतींत घुमणारा मृदंग मांडवात पडेल वाटू लागला.

त्यात स्पर्धा आल्या. तिकडं कोल्टस नावाची संघटना १९५१ मध्ये मलिंगार इथं सुरू झाली, तिच्या फ्ला क्योल या महोत्सवात देशभरच्या स्पर्धा होतात. क्लेअरचेच दोन बँड, किल्फेनोरा आणि टल्ला. किल्फेनोरानं १९५४ पासून लागोपाठ तीन वर्षं देशातला पहिला नंबर काढला. १९५६ ची स्पर्धा तर एनिसमध्येच, टल्लाच्या अगदी अंगणात. १९५७ ला टल्लानं बाजी मारली. या चुरशीच्या आठवणी क्लेअरमध्ये अजून निघतात, भाचा सांगतो. ही चुरस मला आवडते. दोन्ही बँड डोळे मिटून ओळखता येतात, कारण दोघांनी आपापला हात, म्हणजे वाजवण्याचं वळण, सोडला नाही.

हात सुटतो तो दुसऱ्या कारणानं, आणि तिथं माझं मन अडकतं. मायकल कोलमन हा स्लायगोचा फिडलवादक १९१४ मध्ये अमेरिकेला गेला. १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघाल्या आणि त्या बोटीनं आयर्लंडला आल्या. वादन इतकं देखणं की दुसऱ्या परगण्यांतली पोरंही तसंच वाजवायला लागली. आपल्या आजोबांचं वळण त्यांना गावठी वाटायला लागलं. कोलमननं कुणाचं वाईट केलं नाही, त्यानं फक्त उत्तम वाजवलं. पण त्यामुळं कितीतरी गावांचं वाजवणं एकसारखं होत गेलं.

आईचं माहेर खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला. तिथल्या काकड्यात एक चाल होती. चरण संपताना सगळे कोमल निषादावर थांबायचे, षड्जावर, म्हणजे ‘सा’वर, यायचेच नाहीत. तो षड्ज पुढचा चरण धरणारा म्हातारा एकटा घ्यायचा आणि मग सगळे त्याच्यात मिसळायचे. लहानपणी पहाटे त्या थांबण्यात माझा श्वास अडकायचा. ओढ्यापलीकडच्या गावात तोच अभंग वेगळ्या चालीत होता, आणि लग्नाच्या निमित्तानं दोन्हीकडचे एकत्र आले की कुणाची चाल जुनी यावर रात्र निघायची. मग कॅसेट आल्या. मोठ्या गायकांची, सुंदर वाद्यमेळाची भजनं घरोघरी वाजू लागली. आज दोन्ही गावं तो अभंग कॅसेटच्या चालीत म्हणतात. भांडण मिटलं. मृदंग आहे, टाळ आहे, वीणा आहे, सगळी वाद्यं शास्त्राला धरून, आणि तो निषाद मात्र गेला.

सीमाभागात आणखी एक पदर आहे. चिकोडी-अथणीकडच्या कितीतरी भजनांत तुकोबांच्या अभंगानंतर पुरंदरदासांचं कन्नड पद येतं, पिढ्यान्‌पिढ्या. विठोबाला ज्ञानदेवांनीच कानडा म्हटलंय. एका स्पर्धेत एका मंडळानं असं पद घेतलं तर ‘परंपरा सोडली’ म्हणून गुण कापले गेले. ते मंडळ पेटी घेऊन माझ्याकडं आलं होतं, त्यांचा म्होरक्या डोळे पुसत होता. त्यांच्या आज्यानंही तेच पद म्हटलं होतं. परीक्षक बाहेरचे, त्यांना या मुलखाची रीत ठाऊक नव्हती. मला त्या दिवशी फार राग आला, अजून आहे. भजन स्पर्धा घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे: सूर, ताल, पाठांतराला गुण देता तसे चालीलाही द्या. मंडळाला विचारा, ही चाल कुठल्या गावाची, कुणाकडून आली. उत्तर देता आलं तर त्याचेही गुण धरा. पेटी आहे की कीबोर्ड ते नंतर बघा.

आयर्लंडवाल्यांनी एक काम वेळेत केलं. किअरन मॅकमहूना १९५५ पासून रेडिओची गाडी घेऊन क्लेअरमध्ये घरोघर गेले, म्हातारी माणसं त्यांच्या चुलीजवळ वाजवत असताना ध्वनिमुद्रण केलं. १९८७ मध्ये डब्लिनला परंपरागत संगीताचं संग्रहालयच उभं राहिलं. म्हणून आज माझा भाचा त्या म्हाताऱ्याचं बोलणं मनावर घेऊन एका विशिष्ट गावची चाल शोधू शकतो. जाताना कॉन्सर्टिना घेऊन गेला. फोनवर सांगतो, सूर छान टिकलेत, आता टल्लाकडच्या चाली बसवतोय.

आपल्याकडं एवढी यंत्रणा नाही, पण घरोघरी जुन्या टेपा आहेत. सप्ताहात कुणीतरी टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसलेलं असायचंच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी, कुठलंही गाव असू दे, काकडा, हरिपाठ, गवळणी, कन्नड पदं, जे असेल ते दुकानात आणा. फीत तुटली असली तरी चालेल, जोडता येते. मी उतरवून घेते आणि कॅसेट परत देते. सोबत गावाचं नाव, अंदाजे साल आणि म्हणणाऱ्यांची नावं कागदावर लिहून आणा, म्हणणारा हयात असेल तर त्यालाच घेऊन या. सोमवारी दुकान बंद असतं.